राजारामपुरीतले स्कॅनवाले मामा: काम एक नंबर, फक्त जाताना लेखक कधी वारला ते विचारून जा

पाचपैकी चार स्टार. पहिल्या दिवशी तिथून बाहेर पडले तेव्हा एवढी वैतागले होते की रिक्षात बसल्या बसल्या एकच स्टार टाकणार होते, बरं झालं मोबाईलची बॅटरी संपली.

दुकान राजारामपुरीत, आतल्या एका गल्लीत. पाटी अजून जुनी झेरॉक्स-लॅमिनेशनचीच आहे आणि तिच्यावरची अर्धी अक्षरं उन्हानं उडालीत, त्यामुळे नावानं विचारलंत तर कुणी सांगणार नाही, पण 'जुनी पुस्तकं स्कॅन करणारे मामा' म्हटलं की कोपऱ्यावरचा पानवाला हात करून दाखवतो. आत माणसं दोनच, मामा आणि त्यांचा भाचा. जुनी पुस्तकं, वह्या, फोटो, कॅसेटी सगळं डिजिटल करून पेन ड्राइव्हवर देतात, आणि पाहिजे असेल तर तोच मजकूर परत मोठ्या टाइपात लावून, छापून, दोऱ्याची शिवण घालून पुस्तक बांधून देतात. मी या शेवटच्या कामासाठी गेले होते.

आमच्याकडे आजोबांची एक ट्रंक आहे. जुनं घर शाहूपुरीत कुंभार गल्लीच्या बाजूला, २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी घरात छातीपर्यंत आलेलं, ट्रंक माळ्यावर चढवली पण अर्धी भिजल्यावर. नंतर आठवडाभर गच्चीवर पुस्तकं वाळत घातली होती पापडासारखी, काही फुगून दुप्पट झाली, काहींची पानं चिकटून सरळ वीट झाली. २०२१ ला परत पाणी आलं तेव्हा बाबांनी आधी ट्रंक उचलली आणि मग गॅस सिलिंडर, त्यावरून आई अजून बोलते.

तर त्या ट्रंकेत आजीची कादंबरी आहे. कव्हर कधीच गेलंय, पहिल्या पानावर १९४८, किंमत अडीच रुपये, आणि खाली पुण्याच्या बुधवार पेठेतल्या प्रकाशकाचा पत्ता. लेखक तुम्ही ऐकलेला नसणार, मी पण आजीकडूनच ऐकलाय. आजोबांनी लग्नानंतर पहिल्या वर्षी आणून दिलेली, आजीनं ती किती वेळा वाचली असेल याचा हिशोब नाही, आता डोळ्याचा पडदा खराब झाल्यामुळे वाचता येत नाही तर हातात घेऊन बसते. तिला एक्क्याऐंशी लागणार होतं म्हणून आम्ही भावंडांनी ठरवलं की ती कादंबरी मोठ्या अक्षरात छापायची, एक आजीला आणि बाकी जेवायला येणाऱ्या पाहुण्यांना, टोप्या-टॉवेल देण्यापेक्षा बरं. साठ प्रती.

मामांनी पुस्तक हातात घेतलं, वास घेतला (खरंच घेतला), पानाचा कोपरा बोटानं हळूच दाबून बघितला आणि विचारलं, "लेखक वारला कवा?"

मी म्हटलं, "मामा मला पुस्तक छापायचंय, श्राद्ध घालायचं नाही."

"ते कळल्याबिगर साठ प्रती न्हाई हुयाच्या ताई. एक देतो करून."

मी म्हटलं अहो १९४८ चं पुस्तक आहे, पाऊणशे वर्षं होऊन गेली, तर म्हणाले कॉपीराइटला पुस्तकाचं वय मोजत न्हाईत, माणूस गेल्यावर साठ वर्षं मोजत्यात, आणि ती पण गेल्याच्या पुढच्या एक जानेवारीपासनं. म्हणजे लेखक १९६० ला गेला असेल तर पुस्तक २०२१ पासून मोकळं, कुणीही छापावं, आणि १९९० ला गेला असेल तर २०५१. आजी तेव्हा एकशे सहा-सात वर्षांची असेल. पुस्तकाचं काय होईल ते पंचगंगेला विचारा.

एक प्रत मात्र लगेच कबूल केली, आणि इथं मला जरा आश्चर्य वाटलं कारण मला वाटलेलं हे सगळंच नाही म्हणणार. घरी स्वतःच्या वाचनासाठी एक प्रत करायला कायद्यात वाट आहे, शिवाय ज्याला नीट दिसत नाही त्याला वाचता येईल अशी प्रत करून द्यायला २०१२ च्या दुरुस्तीपासून वेगळी सूट आहे. मामांनी आजीला काय दिसतं काय नाही ते सगळं विचारून घेतलं, डॉक्टर विचारत नाहीत एवढं. पण साठ प्रती वाटायच्या म्हणजे ते प्रकाशन झालं, फुकट वाटा नाहीतर विकत द्या.

माझा भाऊ सोबत होता, तो म्हणाला चल ग, दुसरीकडे कुठंही तासाभरात साठ झेरॉक्स मिळतील, कोण विचारतंय. ते खरंच आहे. मी कॉलेजात असताना निम्मा अभ्यासक्रम झेरॉक्सवरच झालाय, कुणी कुणाला लेखकाची तब्येत विचारली नव्हती. मामांच्या भाच्यानं पण आतून आवाज दिला, दिल्ली हायकोर्टानं झेरॉक्सवाल्याच्या बाजूनं निकाल दिलाय की. यावर मामा जे बोलले ते मी घरी येऊन तपासलं आणि बरोबर निघालं, तो निकाल सप्टेंबर २०१६ चा, दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्स दुकानाचा, आणि तो शिकवण्यासाठी पुस्तकातली प्रकरणं काढून विद्यार्थ्यांना संच करून देण्याबद्दल आहे. आजीच्या वाढदिवसाला कादंबरी वाटणं त्यात बसत नाही, कितीही ओढलं तरी.

आता या दुकानातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट. काउंटरच्या मागं एक पांढरा फळा आहे, त्यावर मार्करनं तीन रकाने: लेखक, वारले, सुटणार. मामांनी स्वतः लिहिलेला. साने गुरुजी १९५०, सुटले २०११. मर्ढेकर १९५६ आणि बाबासाहेब आंबेडकर पण १९५६, दोघं २०१७ ला सुटले. अत्रे १९६९, अण्णाभाऊ साठे १९६९, दोघं एकाच दिवशी सुटणार, १ जानेवारी २०३०, आणि त्याच्यापुढे मामांनी एक छोटी चांदणी काढलीय, म्हणाले त्या दिवशी दुकान सकाळी सहाला उघडणार. वि. स. खांडेकर १९७६, सुटणार २०३७. ते तर आपल्या राजारामपुरीतलेच. गदिमा १९७७, सुटणार २०३८. आणि सगळ्यात खाली जगदीश खेबुडकर, कोल्हापुरातच २०११ ला गेले, सुटणार २०७२. त्यांच्या लावण्या आज गल्लीगल्लीतल्या ऑर्केस्ट्रात चालू असतात, त्या मोकळ्या व्हायला माझा मुलगा म्हातारा व्हायला लागेल.

बहिणाबाईंच्या नावापुढे मामांनी एक गोल केलेला, तो का म्हणून विचारलं. त्या १९५१ ला गेल्या पण कवितांचं पुस्तक त्यांच्यामागं १९५२ ला आलं, म्हणून त्यांचं गणित मरणापासून नाही तर छापल्यापासून, म्हणजे २०१३. हे ऐकून मी गप्पच झाले. आपण शाळेत त्यांच्या ओव्या पाठ केल्या आणि हे कुणीच सांगितलं नव्हतं.

साठच का, हा प्रश्न मी विचारला आणि मामांना तेच पाहिजे होतं बहुतेक, कारण त्यांनी भाच्याला चहा सांगायला पाठवलं. आपला कॉपीराइटचा कायदा १९५७ चा, त्यात मुळात पन्नास वर्षं होती. रवींद्रनाथ टागोर १९४१ ला गेले, म्हणजे १९९१ च्या शेवटी त्यांचं सगळं लिखाण मोकळं होणार होतं. ते त्यांच्या विश्वभारती विद्यापीठाच्या ताब्यात होतं आणि त्यांना मुदत वाढवून पाहिजे होती, मग सरकारनं डिसेंबर १९९१ च्या अगदी शेवटच्या आठवड्यात अध्यादेश काढला आणि १९९२ ला कायदाच बदलून पन्नासाचे साठ केले. टागोर मग २००२ ला सुटले. पण वाढवली ती काय एकट्या टागोरांची नाही, वाढली सगळ्यांची. मामांचं म्हणणं, वाड्यातल्या मोठ्या मालकासाठी दाराला कुलूप लावलं आणि आत सगळी चाळ अडकली. साने गुरुजी पण त्यामुळं २००१ ऐवजी २०११ ला सुटले, आणि माझ्या आजीचा हा कुणाला न आठवणारा लेखक जर १९७० च्या आसपास गेला असेल तर तो पण त्याच कुलपात.

मला स्वतःला या दहा वर्षांचा राग येतोय तो टागोरांसाठी नाही. टागोर काय, खांडेकर काय, त्यांची पुस्तकं दुकानात मिळतात, मुदत असो नसो, छापणारा आहे, वाचणारा आहे, वारसांना चार पैसे जात असतील तर जाऊ देत, लिहिणाऱ्याची आयुष्यभर ओढाताण झालेली असते, घरच्यांनी पण ती सोसलेली असते. माझी तक्रार त्या बाकीच्यांसाठी आहे. १९४८ च्या कादंबरीचा प्रकाशक नाही, आवृत्ती नाही, वारसांना एक रुपया मिळत नाही, त्यांना आपण वारस आहोत हे पण माहीत नसणार, आणि तरी ती छापायची नाही. ज्याचा कुणाला फायदा नाही असा हक्क कुणासाठी राखून ठेवलाय?

मी शोध घ्यायचा प्रयत्न केला हो, मामांनीच सांगितलं वारस शोधून एक सही आणा, मी दुसऱ्या दिवशी छापतो. पुण्याच्या मैत्रिणीला त्या पत्त्यावर पाठवलं, तिथं आता मोबाईल कव्हरची दुकानं आहेत, वर एक क्लास. लेखकाच्या आडनावाची माणसं फेसबुकवर शोधली, सात जणांना मेसेज केले, तिघांनी उत्तर दिलं, एकानं विचारलं की तुम्ही इन्शुरन्सवाल्या का. प्रस्तावनेत लेखकानं गावाचं नाव दिलंय, सांगली जिल्ह्यातलं, तिथल्या शाळेत फोन केला तर सर फार चांगले बोलले पण त्या घराण्यातलं आता गावात कुणी नाही. तीन आठवडे गेले यात.

आता सगळ्यात भारी ऐका. लेखक वारलाय किंवा सापडत नाही अशा पुस्तकासाठी कायद्यात एक कलम आहे, ३१ अ, त्याखाली छापण्याचा परवाना मागता येतो. मी खूश. मग पुढं वाचलं. अर्ज करण्याआधी देशाच्या मोठ्या भागात खपणाऱ्या एका इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यायची. म्हणजे कुंभार गल्लीतल्या आजीच्या साठ प्रतींसाठी, मराठी पुस्तकासाठी, देशभर खपणाऱ्या इंग्रजी पेपरात जाहिरात. आमचं जेवणाचं बजेट, मंडप, आचारी धरून, त्या जाहिरातीत बुडालं असतं. मामा हसले नाहीत, म्हणाले आजवर या कलमासाठी माझ्याकडं एक बी गिऱ्हाईक आलं न्हाई.

मामांचा स्वतःचा एक तोडगा आहे, मोबाईलच्या रिचार्जसारखा. सुरुवातीला सगळ्यांना काही वर्षं फुकट द्यायची, मग ज्याला पुढं पाहिजे त्यानं रिचार्ज मारायचा, न मारेल त्याचं पुस्तक मोकळं. मी म्हटलं असं कुठं असतं का, तर म्हणाले अमेरिकेत होतं. हे पण घरी येऊन बघितलं. खरंच होतं, १९०९ च्या कायद्यात अठ्ठावीस वर्षं, आणि नूतनीकरण केलं तर आणखी अठ्ठावीस, न केलेली पुस्तकं मोकळी. आणि त्याच्याही आधी इंग्लंडात १७१० चा जो पहिला कायदा आला त्यात चौदा वर्षं, लेखक जिवंत असेल तर आणखी चौदा, संपलं. नंतर अमेरिकेनंच ते सगळं सोडून दिलं, १९९८ ला वाढवून लेखकामागं सत्तर वर्षं केली, आणि जुन्या सिनेमांना लागल्यापासून पंच्याण्णव, म्हणून तो मिकी माऊसचा पहिला सिनेमा १९२८ चा, तो सुटला २०२४ ला. आपल्याकडं टागोर, तिकडं उंदीर, असं भाचा म्हणाला आणि मामांनी त्याच्याकडं नुसतं बघितलं.

मी बसलेली असताना शिवाजी पेठेतल्या एका तालमीची चार पोरं आली, गणपतीचा सजीव देखावा बसवत होती, एका गाजलेल्या ऐतिहासिक कादंबरीतले संवाद रेकॉर्ड करून पाहिजे होते. मामांनी लगेच फळ्याकडं बोट. महाराज सगळ्यांचे, इतिहास सगळ्यांचा, पण कादंबरीकारानं रचलेलं वाक्य कादंबरीकाराचं. पोरं म्हणाली मग देखावा रद्द? न्हाई, हौशी मंडळानं तिकीट न लावता स्टेजवर बोललं तर कायद्याला चालतं, लोकांसमोर खुशाल करा, पण रेकॉर्ड करून यूट्यूबला टाकला तर ते वेगळं काम. त्यावर त्यातला एक अगदी मनापासून म्हणाला, "यूट्यूबला टाकायचा न्हाई तर मग देखावा करायचा कशाला?" मामांनी त्यांना सभासद बखर काढून दाखवली, शिवकाळातल्या माणसानं लिहिलेली, ह्यातनं घ्या, ह्याला कोण विचारत न्हाई, फक्त आत्ताच्या संपादकाच्या टिपा आणि प्रस्तावना सोडून. पोरं तिथंच बाकड्यावर बसून वाचायला लागली, भाषा कळेना म्हणून एकमेकांना मारत होती, पण तासाभरानं दोन पानं संवाद स्वतःचे लिहून उठली. कादंबरीपेक्षा चांगले होते का? नाही. पण शिवाजी पेठेच्या बोलीत होते, मावळे 'आरं चल की मर्दा' म्हणत होते.

ट्रंकेतलं बाकीचं पण नेलं होतं, ते थोडक्यात सांगते. आजी-आजोबांचा लग्नाचा फोटो, स्टुडिओत काढलेला, मला वाटलं फोटोग्राफरला शोधायला लागतंय, पण पैसे देऊन सांगून काढून घेतलेला फोटो, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचाच. मामांनी तो इतका सुंदर साफ केलाय, पुराच्या पाण्याचा डाग आजोबांच्या फेट्यावरून गेलाय पण मूळ सुरकुत्या ठेवल्यात, हल्ली मोबाईलवर करतात तसं सगळ्यांना पुतळे केलं नाही. एक भजनाची कॅसेट होती १९८५ ची, कंपनीची. रेकॉर्डिंगची मुदत निघाल्यापासून साठ वर्षं म्हणजे ती सुटणार २०४६ ला, आणि मामांनी उघडून दाखवलं तर टेपवर पांढरी बुरशी आत्ताच आलेली. घरी ऐकायला एक कॉपी करून दिली, मध्ये मध्ये मृदंग पाण्यातून वाजल्यासारखा येतो.

आणि सिनेमाच्या गाण्यांच्या चोपड्या, आजोबांना नाद होता, टॉकीजमध्ये आण्याला विकत मिळायच्या त्या. त्यात प्रभातच्या पण दोन होत्या. प्रभात १९२९ ला इथंच कोल्हापुरात सुरू झाली आणि १९३३ ला पुण्याला गेली हे आपल्याला सगळ्यांना माहीत असतं, अभिमानानं सांगतो, पण त्या काळातलं किती उरलंय ते विचारत नाही. सिनेमाची मुदत तो लागल्यापासून साठ वर्षं, म्हणजे १९३२ चा बोलपट कधीचाच मोकळा झालाय, तो बघता येतो, त्यातले तुकडे घेऊन कुणी काही करू शकतं. त्याच्याआधीचे बाबूराव पेंटरांचे मूकपट तर कायद्यानं केव्हाच मोकळे, पण त्यातले बहुतेक शिल्लकच नाहीत, मोकळे होऊन काय करायचं. जयप्रभा स्टुडिओ १९४८ ला गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत जळला, ते वेगळंच. कागदाला नाहीतर फिल्मला कायद्याची मुदत समजत नाही, तिची ती मरते. मामा म्हणतात मुदत संपायची वाट बघत बसलं तर सुटतं ते नुसतं नाव. म्हणून ते स्कॅन सगळ्याचं करतात, ज्याच्या घरचं त्याला देतात, छापत नाहीत एवढंच.

आता कामाबद्दल, नाहीतर म्हणाल हा रिव्ह्यू आहे का कीर्तन.

स्कॅनिंग पहिल्या दर्जाचं. पुस्तक उलटं दाबून काचेवर ठेवत नाहीत, व्ही आकाराचं लाकडी स्टँड आहे, पुस्तक त्यात अर्धंच उघडतं आणि वरून दोन कॅमेरे फोटो घेतात, त्यामुळे शिवण तुटत नाही. माझं पुस्तक असलं ठिसूळ की पान उलटताना कोपऱ्याचा चुरा पडतो, पण मामांनी प्रत्येक पान स्वतः उलटलं, भाच्याला हात लावू दिला नाही. पानाला तीन रुपये घेतले, पुराच्या पुस्तकांना एक रुपया कमी घेतात, ते त्यांनी न सांगता बिलातच केलं. चिकटलेली पानं सुटी करायचे वेगळे पैसे.

मजकूर परत टाइप करायला मात्र संगणकावर ओळखून घेतात आणि तिथं गंमत. पुस्तक १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधीचं, म्हणजे दर शब्दावर अनुस्वाराचा शिंतोडा, आणि जुन्या टाइपात भ आणि म, घ आणि ध सारखेच दिसतात. पहिल्या प्रुफात नायिकेचा 'माऊ' मुंबईहून आला आणि 'धरात' कुणी नाही बघून परत गेला. आजीला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "मांजराची गोष्ट हाय काय ही?" दोनदा प्रूफ तपासायला लागलं, ते आपणच तपासायचं असतं, हे आधी सांगितलं नव्हतं, कापलेल्या स्टारातला अर्धा इथला.

उरलेला अर्धा वेळेसाठी. आठ दिवस सांगून सतरा दिवस लावले, फोन उचलत नाहीत, आणि बांधून आलेल्या प्रतीत ११२ आणि ११३ पान नाही. नेमका नायिका घर सोडते तो भाग. मामांना दाखवलं तर त्यांचं तोंड असं झालं की मलाच वाईट वाटलं, संध्याकाळपर्यंत शिवण उसवून पानं घालून परत बांधून दिली, पैसे घेतले नाहीत. गाडी लावायला जागा नाही, गल्लीच्या तोंडाशी लावा. दुपारी दीड ते चार बंद, भांडू नका, उपयोग नाही.

आणि एक सांगायचं राहिलं. मुदत सुटली की सगळं छान होतं असं पण नाही, मामांनीच दाखवलं. मोकळ्या झालेल्या एका पुस्तकाच्या चार स्वस्त आवृत्त्या त्यांच्याकडे आहेत, त्यातल्या एकीत आख्खं प्रकरण गायब आणि मागच्या कव्हरवर भलत्याच लेखकाचा परिचय. "सुटलं की पूर येतोय ताई, आणि पुरात चिखल बी येतोयच." पण चार आवृत्त्या असल्या की एक तरी बरी निघते आणि तीस-चाळीस रुपयांत पोराच्या हातात पडते, मी हा चिखल पत्करीन.

तर आजीची प्रत झाली, बावीस टाइपात, साडेचारशे पानं, उशीएवढी जाड. पण पाहुण्यांना द्यायला काय? लेखकाचा पत्ता लागेना आणि वाढदिवस नऊ दिवसांवर. मी मामांसमोर डोकं धरून बसले होते तर म्हणाले, "आजी जात्यावरच्या ओव्या म्हणत असतील की वो. त्येंचा कुठं लेखक वारलाय?"

मोबाईलवर दोन दुपारी रेकॉर्ड केलं. आजी आधी लाजली, मग थांबेना, आईच्या माहेरच्या, पंढरीच्या, अंबाबाईच्या, पावसाच्या. त्यातल्या बऱ्याच सगळ्या बायकांच्या, कुणी रचल्या ते कुणाला माहीत नाही, त्यांना कुलूप नव्हतंच कधी. पण मध्येच आजी म्हणाली ह्या धा-बारा माझ्या, मी केल्यात, तुझा आजा मिलिटरीत हुता तवा. आम्हाला कुणालाच हे माहीत नव्हतं, बाबांना सुद्धा नाही.

मामांना सांगितलं तर त्यांनी पेन खाली ठेवलं. मग या बारांना लेखिका आहे आणि ती हयात आहे, लेखी परवानगी पाहिजे. मी हसले, ते हसले नाहीत. शेवटी रविवारी स्वतः आमच्या घरी आले, बाकड्यावर बसून आजीला सगळं समजावून सांगितलं, की आजी ह्या तुमच्या हायत, तुमच्यामागं साठ वर्षं ह्यांच्यावर तुमच्या लेकरांचा हक्क, कुणी छापायच्या तर विचारून छापाव्या लागतील.

आजी म्हणाली, "साठ वर्सं विचारत बसायचं व्हय? आणि विचारायचं कुणाला, ह्येला?" म्हणून तिनं बाबांकडं बघितलं. "मी न्हाई ठेवत हक्कबिक्क. कुणी बी म्हणू दे. आमी म्हणत हुतो तवा शेजारणीला विचारत हुतो काय?"

मामा म्हणाले हक्क सोडायची पण कायद्यात सोय आहे, लेखक स्वतः सोडू शकतो, मी मजकूर करून आणतो. आणला पण. आजीनं सही केली, तिची सही म्हणजे नावातलं प्रत्येक अक्षर वेगळं, मधे श्वास घेऊन. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर ती सही छापलीय आणि खाली एक ओळ, की या ओव्या कुणीही म्हणाव्या, छापाव्या, बदलाव्या. साठ प्रती वेळेत मिळाल्या, यावेळी एकही पान गायब नाही, पुस्तिकेमागं पस्तीस रुपये पडले.

जेवणाच्या दिवशी मामांना बोलावलं होतं, आले, पुरणपोळी खाल्ली, आणि निघताना आजीला विचारलं की ती दुसरी, मोठ्या अक्षरातली कादंबरी कशी वाटली. आजी म्हणाली, "पयल्यापास्नं वाचतोय परत. ११२ वर आलोय." फळ्यावर त्या लेखकाचं नाव आता सगळ्यात खाली, खेबुडकरांच्या पण खाली लिहिलंय, वारले आणि सुटणार हे दोन रकाने रिकामे. सांगली जिल्ह्यातल्या कुणाच्या घरात आजोबा किंवा पणजोबा कादंबऱ्या लिहायचे असं असेल तर दुकानात जाऊन तो फळा एकदा बघा, गाडी गल्लीच्या तोंडाशी लावा.